मातीला पोचण्याजोगा देश

आमच्या घरात मुलगी कुठे द्यायची हे ठरवायची एक पद्धत आहे, आणि ती फार शास्त्रशुद्ध आहे. घरातली तीन मोठी माणसं मुलाच्या गावी जातात, पण मुलाच्या घरी जात नाहीत. आधी गावचा तलाव बघतात. पाणी किती, पाळ म्हणजे बांध धड आहे की फुटका. मग गावाबाहेरचे खताचे खड्डे बघतात, कारण खड्डा भरलेला म्हणजे गोठा भरलेला. मग पानठेल्यावर उभं राहून चौकशी करतात, आणि पानठेलेवाला जे सांगेल ती देववाणी. प्रत्यक्ष मुलगा सगळ्यात शेवटी बघायचा, तोही सवड उरली तर.

या सगळ्यावर एक अट असते. गाव इतकं जवळ हवं, की बाप गेला तर मुलगी मातीला वेळेवर पोचली पाहिजे. आम्ही जाळतो, तरी म्हणतो मातीच. प्रत्येक मुलीनं तोंडात पाणी घातल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत, आणि उन्हाळ्यात फार वेळ ठेवताही येत नाही. म्हणून गाव बघतानाच हे बघून घ्यायचं. लग्न मुलीचं, पण सोय बापाच्या मातीची.

माझ्या मोठ्या बहिणीला तीन स्थळं आली होती. एक नागपूरचं, नोकरीवालं. एक चंद्रपूरचं, कोळसा खाणीतलं. तिसरं आमच्या गावापासून सात किलोमीटरवरचं, ज्याला ना नोकरी होती, ना खाण. तिसरं ठरलं. बहीण आजही म्हणते, "माह्या नवऱ्यात एकच गुन आहे. तो जवळ राह्यते."

हे सांगायचं कारण असं, की वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी घरात जाहीर केलं, मी देश सोडून जाणार. माझं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे मला अजून कुठेच दिलेलं नव्हतं. त्यामुळे घरच्यांनी हा प्रश्न नेहमीच्या पद्धतीनं हाताळायचं ठरवलं. गावाच्या जागी देश, बाकी सगळं तेच.

मी नर्स. चंद्रपूरच्या एका खाजगी दवाखान्यात आयसीयूत सात वर्षं उभी होते. उभी होते हे अक्षरशः. आयसीयूत आमच्यासाठी एकच स्टूल होतं आणि त्यावर डॉक्टरांची बॅग बसायची. एके दिवशी नागपूरला परदेशी नोकऱ्यांचं मार्गदर्शन होतं, तिथे मैत्रिणीबरोबर गेले. एजंटनं पडद्यावर जर्मनीचा एक फोटो दाखवला. स्वच्छ वॉर्ड, मोठी खिडकी, आणि खिडकीजवळ एक नर्स खुर्चीवर बसलेली. नुसती बसलेली. हातात कप. लोक पगाराचे आकडे लिहून घेत होते, मी त्या खुर्चीकडे बघत होते. माझा देश तिथेच ठरला. वर, चंद्रपूरचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला थंड देशाची जाहिरात करावी लागत नाही.

घरी सांगितल्यावर समिती बसली. बाबा, त्यांचे मोठे भाऊ म्हणजे माझे मोठबाबा, आणि सात किलोमीटरवरचे भाऊजी. तिघंही ढिवर, तिघंही परिसरातल्या एकाच मच्छीमार संस्थेचे सभासद. बाबांनी पन्नास वर्षं वैनगंगेत आणि संस्थेच्या तलावात जाळं टाकलं आहे. देश हा विषय त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला होता, पण म्हणून कोणी बिचकलं नाही. सभा तलावाच्या पाळीवर भरली, कारण मोबाईलला तिथेच रेंज येते.

"मुख्य गोष्ट सांग," बाबा म्हणाले. "मी मेलो त तू किती वेळात येशील?"

बाबा तेव्हा साठीच्या पुढचे, पण ओल्या जाळ्याचं ओझं एकटे उचलणारे. मरायची कुठलीही चिन्हं नव्हती. तरी स्वतःच्या मातीच्या हजेरीची एवढी काळजी मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. ही गोष्ट घरात पहिल्यापासून उघड होती. मला खुर्ची हवी होती, बाबांना मातीला मुलगी हवी होती, आणि यातलं एकच मिळणार होतं.

बाबांचा स्वतःचा एक देश ठरलेला होता. ओमान. शेजारच्या गावातला एक माणूस तिथे मिस्त्रीकाम करतो. त्याची आई सकाळी वारली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत तो दारात हजर होता, बुटांना सिमेंट तसंच. ही कथा आमच्या भागात एखाद्या चमत्कारासारखी सांगतात. त्या दिवसापासून बाबांच्या मनात ओमान हे नागभीडच्या थोडं पुढे लागणारं गाव झालं.

मग त्या मिस्त्रीला व्हिडिओ कॉल लावला. बिचारा जेवणाच्या सुट्टीत होता.

"तलाव दाखव," मोठबाबा म्हणाले.

"तलाव नाई इथी, समुद्र आहे."

"मंग तो दाखव."

त्यानं लांबून समुद्र दाखवला. समितीनं माना डोलावल्या. मग मासोळी कोणती मिळते, काटा किती, भात मिळतो का, उकडा की कच्च्या तांदळाचा, हे झालं. भाऊजींनी खताचा खड्डा दाखवायला सांगितला. मिस्त्रीनं काही क्षण विचार केला आणि कचऱ्याचा मोठा हिरवा डबा दाखवला. तो भरलेला होता. भाऊजींचं समाधान झालं.

"पानी आहे, मासोळी आहे, भात आहे," मोठबाबांनी निकाल दिला. "पोट्टी द्याजोगं गाव आहे."

जर्मनीची पाळी आली तेव्हा मी माझ्या एका ओळखीच्या मुलीला फोन लावला, जी वर्षभर आधी गेली होती. मी तिला आधीच बजावून ठेवलं होतं की नदी दाखव. तिनं छान नदी दाखवली. काठ बांधलेले, पाणी संथ, वर पूल. मी विजयी चेहऱ्यानं समितीकडे पाहिलं.

"येवढं पानी अन् एक डोंगा नाई?" बाबा म्हणाले. "जाळं नाई, मानूस नाई. काऊन?"

त्या मुलीनं, देव तिचं भलं करो, खरं ते सांगून टाकलं. तिथे मासोळी धरायची तर आधी परीक्षा द्यावी लागते. पास झालं तर कार्ड मिळतं. कार्ड नसेल तर दंड.

पन्नास वर्षं मासोळी धरलेला माणूस जर्मनीत नापास होऊ शकतो, हे पचायला वेळ लागला.

"परीक्षेत का विचारते?" मोठबाबांनी विचारलं.

"मासोळीचं नाव, तिचं वय, ती कशी मारायची ते सारं," ती म्हणाली.

"मासोळी मरते तशी मरते," मोठबाबा म्हणाले, आणि जर्मनीचा विषय संपला. भाऊजींनी जाता जाता विचारलं, तिथे जंगल आहे का. आहे म्हटलं. वाघ आहे का. नाही म्हटलं. "मंग जंगल कायचं," ते म्हणाले. आमच्या गावात त्याच महिन्यात वाघानं दोन गाई नेल्या होत्या आणि लोक संध्याकाळी चारला दारं लावून बसत होते. तरीही परदेश सुरक्षित आहे का, अशी चौकशी मला गावातल्या प्रत्येकानं केली.

घरी आलो तेव्हा आई चुलीपाशी होती. तिनं फक्त एकदा विचारलं, "हिले विचारलं का कोनी?" कोणी विचारलं नव्हतं. पण आईलाही कोणी विचारलं नव्हतं, तेव्हा तो मुद्दा तिथेच राहिला.

तरी मी बाबांना एकदा नागपूरला एजंटकडे नेलं. वाटलं, टाय घातलेला माणूस सांगेल तर पटेल. एजंटनं पंख्याखाली बसवलं, चहा मागवला.

"साहेब, तिथून इथी यायले किती वेळ लागते?"

"आठ-नऊ तासांची फ्लाइट आहे काका. मग मुंबईहून नागपूर. एका दिवसात घरी."

"नागपूर म्हनजे घर नोहे," बाबा म्हणाले. "नागपूरहून ब्रह्मपुरी. ब्रह्मपुरीहून गाव. मदात नाला. पान्याच्या दिवसात नाल्यावर पानी राह्यते. ते पकडलं का तुमी?"

एजंटनं ते पकडलं नव्हतं. त्याचा प्रवास नागपूरला संपत होता, बाबांचा तिथून सुरू होत होता. परतीच्या बसमध्ये बाबा बोटं मोजत बसले होते. ब्रह्मपुरी आली तरी मोजणं चालूच होतं. शेवटी म्हणाले, "ओमानच बरं." आणि मी, जी आयसीयूत डॉक्टरांना उलटून बोलायची, ती गप्प बसले. मलाही बहिणीसारखं अंतर बघूनच द्यायचं ठरलं होतं. फरक एवढाच, की तिच्या वेळी वरात आली होती, माझ्या वेळी मेडिकल तपासणीचा कागद आला.

मी रागात होते. चार दिवस बाबांशी बोलले नाही. मी जर्मन भाषेची पहिली पातळी पास झाले होते, पाळीवर मोबाईल धरून, डासांना हाकलत, आणि ते सगळं एका नाल्यासाठी पाण्यात चाललं होतं. पण कागदांवर सह्या मीच केल्या. पासपोर्ट ओमानसाठी पाठवला. तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, की बाबांच्या मातीपायी माझं आयुष्य मातीत गेलं. असंच वाटत होतं, तसंच लिहिते.

मग पावसाळा आला. भाताची रोवणी अर्धी झाली होती.

माझी आत्या नदीच्या पलीकडच्या गावात दिलेली. पलीकडे गडचिरोली जिल्हा लागतो, पण आम्हाला जिल्हा वगैरे काही नाही, डोंग्यानं पंधरा मिनिटं. आजोबांनी तिला तिथे दिलं तेव्हा म्हणे म्हटलं होतं, हाक मारली तर ऐकू गेलं पाहिजे. आत्या बाबांपेक्षा दहा वर्षांनी मोठी, तिनंच त्यांना लहानपणी कडेवर वागवलेलं. भाऊ आला की ती दारातूनच ओरडायची, "आला का रे, उपाशीच असशील."

त्या आठवड्यात वरच्या धरणाची दारं उघडली होती. नदी शेतात शिरली होती, पूल पाण्याखाली होता, आणि गावातले सगळे डोंगे बाभळींना साखळीनं बांधून ठेवायचा हुकूम होता. सकाळी नऊला पलीकडून फोन आला. आत्या गेली.

बाबांनी डोंग्याची साखळी सोडली. मोठबाबा आडवे आले, मी हात धरला, आईनं नाव न घेता हाक मारली. बाबा गेले. गेले म्हणजे शंभर हात गेले असतील. मग नदीनं डोंगा वळवला आणि काडीसारखा खाली नेला. अर्ध्या किलोमीटरवर बाभळीत अडकला. मोठबाबा आणि दोघंजण दोरी टाकून त्यांना घेऊन आले. गुडघा फुटला होता. मी तिथेच पट्टी बांधली, आणि सात वर्षांत पहिल्यांदा ती सोडून पुन्हा बांधावी लागली.

ते घरी आले नाहीत. काठावरच बसले. फोन स्पीकरवर. पलीकडची मुलं सांगत होती, थांबतो मामा, पाणी उतरते का पाहू. दुपार झाली. पाणी वाढतच होतं. पलीकडच्या काठावर माणसं दिसत होती, डोक्यावर प्लास्टिकच्या निळ्या पन्न्या घेतलेली. एवढी जवळ, की कोण बसलं आहे कोण उभं हे कळत होतं. तीन वाजता फोनवर आवाज आला, "मामा, आता उचलतो." बाबांनी हो म्हटलं. निळ्या पन्न्या एका रांगेत हलल्या आणि झाडांमागे गेल्या. बाबा गुडघ्याची पट्टी धरून उभे राहिले आणि जोडलेले हात खूप वेळ खाली घेतले नाहीत. मला रडू कोसळलं. आत्यासाठी किती आणि त्या हातांसाठी किती, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरामागच्या सांदवाडीत फाटलेलं जाळं घेऊन बसले होते. मी चहा नेऊन ठेवला.

"तो थंडीचा देश अजून आहे का रिकामा?" त्यांनी विचारलं.

मला आधी समजलंच नाही. मग म्हटलं, "आहे. पन ओमानचे कागद गेले ना, बाबा."

"परत मागव."

"अन् माती?"

त्यांनी जाळ्यातली एक गाठ सोडवली.

"मी त इथीच होतो, पोरी," ते म्हणाले. "मी कुठी गेलो होतो?"

मी आता दोन वर्षं जर्मनीत आहे. भाषेच्या पुढच्या पातळ्या पास झाले, मान्यता मिळाली, एका लहान शहरातल्या दवाखान्यात काम करते. वॉर्ड तसाच आहे, फोटोतल्यासारखा. मोठी खिडकी आहे. खिडकीजवळ खुर्चीही आहे. तिच्यावर अजून बसायला मिळालेलं नाही. इथेही तीन नर्सांचं काम दोघी करतात, फक्त त्याबद्दल तक्रार करायचा छापील अर्ज आहे. फोटोतली ती बाई कोण होती आणि तिची ड्युटी कोणत्या वॉर्डात होती, हे मला एकदा त्या एजंटला विचारायचं आहे.

तरी मी खूश आहे. हे सांगायची लाज वाटते, पण आहे.

बाबा रोज फोन करतात. पहिला प्रश्न, "तुह्या नदीले पानी किती आहे?" मी खिडकीतून बघून सांगते. नदी जागची हलत नाही, पण त्यांना रोज कळावं लागतं. मातीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मला वाटलं, सुटला.

गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला. आधी ती बराच वेळ हसत होती, मग हसणं थांबलं.

"बाबा संस्थेत गेले होते," ती म्हणाली. "मीटिंगमदे उभे झाले."

"काऊन?"

"बर्फ सांगून ठेवला त्याईनं."

आमच्या संस्थेत मासोळी बर्फाच्या पेट्यांमध्ये भरून नागपूरला जाते. बाबांनी भर मीटिंगमध्ये सगळ्या सभासदांसमोर सांगितलं, की मी मेल्यावर दोन दिवसांचा बर्फ संस्थेनं द्यायचा, लहान पोरगी पोचेपर्यंत. तिसऱ्या दिवशी नाही, संस्थेचं नुकसान नको. म्हणे अध्यक्षांनी विचारलं, असा ठराव कोणत्या विषयाखाली घ्यायचा. बाबा म्हणाले, आयत्या वेळचे विषय.

मी लगेच बाबांना फोन लावला. रागावायचंच ठरवलं होतं. मला न विचारता, असलं काहीतरी, सगळ्या गावासमोर. तोंडातून मात्र निघालं, "दोन दिवस बर्फात ठेवतील तुमाले?"

"मासोळी राह्यते दोन दिवस," बाबा म्हणाले. "मी का मासोळीहून नाजूक आहो का?"

मग आम्ही दोघांनी मिळून मोजलं. फोन आल्यापासून रजा, तिकीट, रेल्वे, विमान, मुंबई, नागपूर, ब्रह्मपुरी. छत्तीस तास. उरले बारा. ते बाबांनी नाल्यासाठी राखून ठेवले.

"अन् पूर असला त?" मी विचारलं.

"पान्याच्या दिवसात मी मरत नाई," ते म्हणाले. "तू बिनघोर राह्य."

मी नंतर बसून विचार केला. पावसाळ्यात पूर असतो, म्हणजे पावसाळा गेला. उन्हाळ्यात आमच्याकडे बर्फ दोन दिवस टिकत नाही, म्हणजे उन्हाळाही गेला. राहिला हिवाळा. हिवाळ्यात तलावाचं पाणी उतरतं, मासेमारी जोरात असते, आणि तेव्हा बाबांना कशालाच सवड नसते. म्हणजे नीट पाहिलं तर बाबांना मरायला ऋतूच उरत नाही. मी हे दोनदा तपासून पाहिलं आहे, आणि त्यात मला कुठेही चूक सापडलेली नाही.